आज पोरांनी काय केलं

कुशनवाल्याची बायको वरच्या खोलीत हसली की खाली दुकानात आलेलं गिऱ्हाईक मान वर करून छताकडे बघायचं. इतकं ते हसणं मोठं होतं. कुशनवाला त्यावर काही बोलायचा नाही, नुसता ओशाळायचा आणि मनातून सुखावायचा.

जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवायचं हा त्याचा धंदा. फाटलेलं रेक्झिन सोलायचं, आतला कुजका काथ्या उपसायचा, नवा फोम बसवायचा, वरून कापड ताणून खिळे मारायचे. माणूस मूळचा अबोल. लग्नाआधी ती एका कापडाच्या दुकानात कामाला होती आणि हा तिथे कापड घ्यायला जायचा. एकदा त्याच्या तोंडून चुकून काहीतरी विनोदी गेलं आणि ती अशी काही हसली, की त्याला वाटलं, आपण विनोदी माणूस आहोत. तसा तो मुळीच नव्हता. पण त्या एका गैरसमजावर त्यानं लग्न केलं आणि ते बरीच वर्षं छान चाललं.

मुलं चार झाली. थोरली मुलगी, तिला आईबापही ताईच म्हणायचे. तिच्या पाठीवर जुळे मुलगे. त्यातला एक सकाळी डोळे उघडल्यापासून वाद घालायचा आणि तो काहीही म्हणाला की दुसरा मान डोलवून "हो, मी बघितलं" म्हणायचा, मग बघितलेलं असो वा नसो. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं त्यांची नावं वकील आणि साक्षीदार अशी ठेवली आणि तीच चिकटली. सगळ्यात धाकटी मुलगी, शेंडेफळ.

शेंडेफळाच्या जन्मानंतर घरातलं हसणं गेलं. एका दिवसात नाही गेलं. नळाचं पाणी जातं तसं गेलं, आधी धार बारीक झाली, मग थेंब, मग नुसतीच नळाची घरघर. बायको भिंतीकडे तोंड करून कॉटवर पडून राहू लागली. कुणी ऊठ म्हटलं तर उठायची, बस म्हटलं तर बसायची, पोरीला पाजायचीसुद्धा, पण एखादं काम दुसऱ्या कुणाच्या वतीनं करावं तशी. शेंडेफळ रांगायला लागलं, चालायला लागलं, बोलायला लागलं, तरी ती तशीच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वेळ लागेल, त्यांना आनंदात ठेवा.

एखाद्या गिऱ्हाइकानं सोफा मरून रंगात करून द्या म्हणावं, तसं कुशनवाल्यानं ते ऐकलं. आनंदात ठेवा म्हणजे ठेवायचं. रोज संध्याकाळी दुकान आवरून तो वर यायचा, हातपाय धुवायचा, कॉटशेजारी स्टूल ओढून बसायचा आणि म्हणायचा, "आज पोरांनी काय केलं, ऐक."

मालाला तोटा नव्हता. शाळेत बाईंनी विचारलं, तुमचे बाबा काय करतात, तर वकील उभा राहून म्हणाला, लोकांच्या खुर्च्या काढून घेतात. साक्षीदार म्हणाला, हो, मी बघितलं, आणि फाडतात. बाई बिचाऱ्या दोन दिवस कुशनवाल्याला कुणीतरी मोठा पुढारी समजून अदबीनं वागत होत्या. एकदा ताईनं फोम चिकटवायचं सोल्युशन खुर्चीवर सांडलं आणि त्यावर शेंडेफळ बसलं. पोरगी निघेना म्हणून फ्रॉक कापावा लागला आणि मागे बापाच्या तळहाताएवढं भोक घेऊन ती दिवसभर गल्लीत ऐटीत फिरली.

आणि ते बदकाचं. दाताच्या डॉक्टरांकडच्या बाकड्यांना त्यानं नवं कुशन करून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, की एक बाकडं ओरडतंय. तिथे येणारा माणूस आधीच जीव मुठीत धरून येतो, त्यात तो बसला की खालून क्वॅक असा आवाज. कुशनवाला पळत गेला, सगळ्यांच्या देखत गुडघ्यावर बसून त्यानं शिवण उसवली, तर आत शेंडेफळाचं रबरी बदक आणि शेजारी अर्धं खाल्लेलं बिस्किट. गालाला सूज आलेला एक म्हातारा गाल धरून हसत होता आणि हसताना कळ येते म्हणून रडत होता. घरी चौकशी केली तेव्हा वकिलानं बाजू मांडली, की बदकाला थंडी वाजत होती, आणि झोपून उठल्यावर त्याला भूक लागली असती. साक्षीदारानं बदकाला कुडकुडताना बघितलं होतं.

हे सांगताना कुशनवाला स्टुलावरून उठला. म्हातारा करून दाखवला, डॉक्टर करून दाखवला, त्या जन्माच्या अबोल माणसानं बदकाचा आवाजही काढला. बायकोनं त्याच्याकडे तोंड वळवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाणी देता का?"

त्यानं पाणी दिलं.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण दुसरं काही त्याला येत नव्हतं. स्वयंपाक, शाळा, नाकं पुसणं, डोक्यातल्या उवा, दुकानात ताटकळलेली गिऱ्हाइकं, या सगळ्यात त्याच्या नाकी नऊ आले होते. ताई भात करायला शिकली होती. तो कधी चिखल व्हायचा, कधी छर्रे, आणि तिची पाठ वळली की वकील त्यावर निकाल द्यायचा. शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, नशीबवान आहेस, घर भरलेलं आहे. कुशनवाल्याला वाटायचं, भरलेलं खरं, पण आतला काथ्या कुजलाय, हे वरून दिसत नाही.

मग एक वाईट गोष्ट झाली. पोरं काही दिवस शहाण्यासारखी वागली. सांगण्यासारखं काही घडेना. कुशनवाला जुन्याच गमती वाढवून सांगू लागला, पण खोटं बोलणंही त्याला धड जमत नव्हतं. एक दिवस दुपारी इस्त्रीवाल्याकडे जाताना त्यानं दुकानातलं कापसाचं मोठं पोतं तोंड उघडं करून मुद्दाम मधोमध ठेवलं. स्वतःशी त्यानं हे कबूल केलं नाही, पण मनात होतं, की पोरं पोत्यात शिरतील, कापसाची भुतं होतील, संध्याकाळी काहीतरी सांगता येईल.

परत आला तेव्हा ताई किंचाळत होती. जुळ्यांनी शेंडेफळाला पोत्यात उभं करून वरून कापूस दाबून भरला होता, बाबा फोम दाबतात तसा. आपण कुशन करतोय असं त्यांना वाटत होतं. ताईनं पोतं आडवं करून तिला पाय धरून ओढून काढलं होतं. पोरीचे ओठ निळे पडले होते, नाकातोंडात कापूस होता. कुशनवाल्यानं बोटं घालून तो काढला, पाठीवर थापट्या मारल्या. बऱ्याच वेळानं ती खोकली आणि मग रडली. वकील प्रथमच काही बोलला नाही. साक्षीदार म्हणाला, "मी नाही बघितलं."

त्या संध्याकाळी कुशनवाला स्टुलावर बसला आणि म्हणाला, आज काही विशेष नाही. बायकोनं बरं म्हटलं. पोरगी कशी रडली ते तिनं वरून ऐकलं होतं, पण तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तो भर दुपारी कात्री न्यायला वर आला. पुढच्या खोलीत चटईवर ताई भिंतीकडे तोंड करून, कानापर्यंत चादर ओढून झोपली होती. वकील शेजारी स्टुलावर बसला होता. तो घसा साफ करून म्हणाला, "आज पोरांनी काय केलं, ऐक." मग त्यानं उठून बदकाचा आवाज काढला, गाल धरून म्हातारा केला. अगदी बापासारखा, हातवाऱ्यांसकट. ताई हलली नाही. चादरीतून म्हणाली, "पाणी देता का?" साक्षीदारानं खोटाखोटा पेला आणून दिला. शेंडेफळ पाय आपटत होतं, की आता मी आई. ताई म्हणे, तुला नीट गप्प राहता येत नाही. वकिलाचं वेगळंच गाऱ्हाणं होतं. आई व्हायला सगळे तयार आणि बाबा कायम मीच, बाबाला खूप बोलावं लागतं.

कुशनवाल्याला आधी हसू आलं. खरंच आलं, आवरता आवरेना. मग ते मध्येच कुठेतरी तुटलं आणि तो दाराच्या कडेला टेकला. पोरांना म्हणाला, हा खेळ नको, दुसरं काहीतरी खेळा. मान वळवतो तर आतल्या खोलीच्या दारात बायको चौकट धरून उभी. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"राहू द्या," ती म्हणाली. "बरोबर खेळतायत."

संध्याकाळी तो सवयीनं स्टुलावर येऊन बसला. खूप दिवसांनी ती आपणहून बोलली.

"ते बदकाचं हसण्यासारखं होतं. मला कळलं होतं."

त्यानं स्टूल जवळ ओढलं.

"सगळंच कळतं. म्हणजे इथे हसायचं असतं, हे कळतं. पण येत नाही. आणि तुम्ही सांगून झालं की माझ्या तोंडाकडे बघत बसता. रोज संध्याकाळी परीक्षेला बसवल्यासारखं होतं मला."

तो म्हणाला, की डॉक्टर म्हणाले होते म्हणून. ती म्हणाली, माहीत आहे. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला अक्काकडे नेऊन सोडा. तिथे मोठं हॉस्पिटल आहे. पोरांना हा खेळ पाठ व्हायच्या आत सोडा."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, दुसऱ्या गावात राहणारी, आडपडदा नसलेली बाई. ती स्वतःच न्यायला आली. घरातली अवस्था बघून तिनं कुशनवाल्याला विचारलं, इतके दिवस काय करत होतास? विनोद सांगत होतो, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

रिक्षा गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत चौघं दारात उभी होती. मग वकिलानं विचारलं, आईची कॉट आता कुणाची? त्यावरून अशी जुंपली की साक्षीदाराचा दात पडला. तसा तो हलत होताच.

पुढचे महिने कुशनवाल्यानं कसे काढले हे त्याचं त्याला सांगता आलं नसतं. पोरं पोरांसारखीच वागत राहिली. शेंडेफळानं आपली चड्डी एका बाईंच्या आरामखुर्चीच्या पाठीत वाळत घातली आणि ती खुर्ची तशीच त्यांच्या दिवाणखान्यात पोचली. पडलेला दात उगवून यावा म्हणून साक्षीदारानं तो कुंडीत पेरला आणि रोज पाणी घातलं. असं काही घडलं की कुशनवाल्याचा पाय आपोआप जिन्याकडे वळायचा आणि दोन पायऱ्यांवर थबकायचा. ती हसत नव्हती तेव्हाही सांगायला कुणीतरी होतं, हे त्याला आत्ता उमगलं. आता गंमत घडायची आणि तशीच जमिनीवर पडून राहायची, एक ना धड भाराभर चिंध्या असतात त्याच्या दुकानात, तशी. रविवारी तो तिला भेटायला जायचा. हॉस्पिटलच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसायची. तो पोरांचं नुसतं सांगायचा, बरी आहेत. ती म्हणायची, बरं. यात परीक्षा नव्हती, पण दुसरंही काही नव्हतं.

सहा-सात महिन्यांनी अक्का तिला घेऊन आली. गोळ्यांनी तिचं अंग सुटलं होतं, चेहरा गोल झाला होता. केस कुणीतरी आखूड कापले होते. पण ती आपल्या पायांनी जिना चढली आणि आत येऊन पसारा बघून वाकून एक चप्पल उचलून ठेवली. कुशनवाल्याला तेवढंही पुष्कळ वाटलं. शेंडेफळ त्याच्या पायामागे लपलं. अक्कानं तिला पुढे ओढून विचारलं, ओळख बघू, कोण आलंय?

शेंडेफळानं नीट निरखून पाहिलं. "मावशी," ती म्हणाली.

अक्का म्हणाली, अगं मावशी मी, ही तुझी आई. वकिलानं समजावून सांगितलं, की ही आधीची आई आहे. साक्षीदार म्हणाला, हो, मी बघितलंय तिला. पण पोरीनं नाही म्हणून मान हलवली ती हलवली. बायको जमिनीवर बसली, पोरीच्या उंचीला आली आणि म्हणाली, "चालेल. मावशी म्हण."

कुशनवाल्याला वाटलं, दोन दिवसांत सुटेल ही सवय. ती सुटली नाही. बायको आता अंघोळ घालायची, वेण्या घालायची, बरे दिवस असले तर स्वयंपाकही करायची. वाईट दिवस आला की कॉटवर पडून राहायची, आणि त्या दिवशी ताई कुणी न सांगता भात लावायची. हसणं परत आलं नाही. छताकडे बघणारं गिऱ्हाईक आता कुणी उरलं नव्हतं.

शेंडेफळाला शाळेत घालायच्या दिवशी दोघं बरोबर गेली. बाईंनी पोरीचं कौतुक केलं आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे बघून विचारलं, आपण कोण? ती उत्तर द्यायच्या आत शेंडेफळ म्हणालं, ही माझी मावशी. कुशनवाला सांगायला पुढे झाला, तसा बायकोनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"हो," ती बाईंना म्हणाली. "मावशी."

येताना दोघं एकापाठोपाठ एक चालत होती, कारण फूटपाथ अरुंद होता. तिनं विचारलं, दुपारचा डबा तिला आवडेल ना? तो म्हणाला, आवडेल. घरी आल्यावर ती म्हणाली, जरा पडते, आणि वर गेली. तिची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत पोचेपर्यंत तो खाली ऐकत थांबला. मग दुकानाचं शटर उघडून त्यानं दिवाणाचं जुनं कापड सोलायला घेतलं.