रंग कोणी दिले

पुण्यात दर वर्षी टेबलावरच्या युद्धखेळांचा मेळावा भरतो. लढाया भविष्यकाळातल्या, परग्रहांवरच्या. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक मांडून फासे आणि मोजपट्टी घेऊन खेळायच्या. त्या मंडळींच्या इंटरनेटवरच्या पानावर राखी, धुळकट पोशाखातल्या एका फौजेचे फोटो आहेत. त्यांच्याखाली रंगकाम म्हणून बरेच दिवस माझं नाव होतं. ते रंग मी दिलेले नाहीत, माझ्या सुनेने दिले. खरं तर एवढं एक वाक्य पुरायला हवं होतं. पण ते वाक्य मी बोलून पाहिलं आणि त्याचा भलताच अर्थ झाला, म्हणून सगळं लिहितो आहे.

मी नगरमध्ये दातांचा मेकॅनिक होतो. डॉक्टर तोंडाचं माप घेणार, ते माझ्याकडे येणार, मी मेणात दात बसवून कवळी करणार. पेशंट कवळी घालून हसला की डॉक्टरांना म्हणायचा, "काय हात आहे तुमचा." मी मागच्या खोलीत असायचो. जन्मभर मी बायकोपाशी त्याची कुरकुर केली. पुढे यंत्रावर कोरलेले दात मिळायला लागले, माझी कामं आटली आणि मी घरी बसलो.

मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो. त्याला हा नाद कंपनीतल्या मित्राकडून लागला. एका रविवारी तो प्लास्टिकच्या सैनिकांचा खोका घेऊन आला. हात, पाय, डोकी, बंदुका सगळं चौकटीला सुटं लागलेलं. कापायचं, घासायचं, चिकटवायचं. मी सहज एकाचा बंदूक धरलेला हात कापला, त्या जागी दुसऱ्याचा पुढे पसरलेला हात बसवला आणि सांध्यात कवळीची गुलाबी पावडर कालवून भरली. मुलगा बघत राहिला. म्हणाला, "बाबा, याला कन्व्हर्जन म्हणतात. हे जमायला लोकांना वर्षं लागतात." घरी बसल्यापासून पहिल्यांदाच त्या दिवशी मला जेवायला मारलेली हाक ऐकू आली नाही.

मग मी त्या फौजेसाठी ग्रह बांधायला घेतला. माळ्यावर जबड्यांचे प्लास्टरचे जुने साचे पडून होते. ते एकापुढे एक मांडून, दातांच्या रांगा घासून मी डोंगरांचे कडे केले. तळाला चाळलेला मुरूम. श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्यावरून आणलेली उसाची चिपाडं फेव्हिकॉलमध्ये बुडवून वाळवली, त्यांचं जळून गेलेलं जंगल झालं. बायको म्हणाली, "लोकांचे जबडे बैठकीत मांडलेत. एखाद्याचा मालक मागायला आला म्हंजी?" हे सगळं काम माझं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

रंग मात्र मला जमले नाहीत. माझा हात तेव्हाच थरथरायला लागला होता. कोरताना अंगठ्याचा टेकू मिळतो, त्यामुळे थरथर कळत नाही. पण सैनिकाचा डोळा म्हणजे तांदळाच्या कणीहून बारीक ठिपका, तिथे ब्रशचं टोक मोकळंच असतं. सून एका दुपारी चहा घेऊन आली आणि माझ्या हातातला सैनिक बघत उभी राहिली.

"मामा, ह्याला मोतीबिंदू झालाय," ती म्हणाली. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. "द्या इकडे."

तिने चित्रकलेचा शिक्षकांचा डिप्लोमा केलेला. शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायची. तिने तो चेहरा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खोक्यावरच्या चित्रात सगळे सैनिक गोरे होते. तिने मला विचारलं, "हजारो वर्षांनंतरची माणसं ना ही? मग सगळी गोरीच का?" तिचं माहेर पाथर्डीच्या बाजूचं. ऊसतोडीहून परत आलेल्या माणसांचे गाल उन्हाने आणि उसाच्या पात्याने कसे होतात, ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. तेच गाल तिने त्या सैनिकांना दिले. पाण्यासारखे पातळ रंग, थरावर थर. गुडघ्यापर्यंत धूळ. एक हेल्मेट काढलेला म्हातारा सैनिक होता, तो डोळे बारीक करून लांब कुठेतरी बघतोय असं वाटायचं. "हा आमचा मुकादम," ती म्हणाली.

ही फौज घेऊन मी आणि मुलगा मेळाव्याला गेलो. नातवाची परीक्षा होती म्हणून सून घरी राहिली. आमच्या टेबलाभोवती गर्दी झाली. माझे कडे, माझं जंगल लोक बघत होते, पण वाकून बघत होते ते चेहरे. संयोजकांपैकी एका तरुणाने विचारलं, "काका, रंग कोण करतं?"

मी म्हणालो, "आम्हीच करतो घरी."

आमच्या पिढीचा माणूस स्वतःलाही आम्ही म्हणतो. त्याने ते तसंच घेतलं, आणि तो तसंच घेणार हे बोलतानाच मला माहीत होतं. मी घरातले सगळे अशा अर्थाने बोललो, अशी समजूत मी नंतर स्वतःची घालत राहिलो. सत्तरी ओलांडलेला माणूस इतकं बारीक काम करतो म्हणून टाळ्या झाल्या, फोटो निघाले, सर्वोत्तम रंगकामाचं स्मृतिचिन्ह मिळालं. मुलगा शेजारी उभा होता. परतताना गाडीत म्हणाला, "जाऊ द्या, घरातच आहे ना सगळं."

घरी सुनेने ते स्मृतिचिन्ह हातात घेऊन वाचलं. "छान आहे," म्हणाली आणि शोकेसमध्ये ठेवलं. बायको मला म्हणाली, "तिला बरुश धुवायला ठेवली व्हती, असं तरी सांगायचं."

त्यानंतर मेळाव्यातल्या पोरांचे फोन यायला लागले. रंग किती पातळ करायचा, कातडीखाली आधी कुठला रंग द्यायचा. मी म्हणायचो, "थोड्या वेळाने सांगतो." मग स्वयंपाकघरात जाऊन सुनेला विचारायचो आणि बाहेर येऊन तेच शब्द फोनवर सांगायचो. कोण विचारतंय, असं तिने एकदाच विचारलं. मी म्हणालो, "आहे एक पोरगा." हे मी वर्षभर केलं. ते पहिलं वाक्य चुकून गेलं असं एखादा म्हणेल. या फोनांबद्दल तसं म्हणता येणार नाही.

शाळेतलं तिचं काम बंद झालं तेव्हा तिने पुण्याच्या एका स्टुडिओत अर्ज केला. ते परदेशी गिऱ्हाइकांचे सैनिक रंगवून देतात. घरून काम, कुरियरने ने-आण. तिने आमच्या फौजेचे फोटो पाठवले. त्यांचा फोन आला तेव्हा मी समोरच कानस घेऊन बसलो होतो. ती थोडं बोलली, मग नुसतं ऐकत राहिली. शेवटी "बरं" म्हणून तिने फोन ठेवला.

"मामा, ते म्हणतात ही फौज नगरच्या काकांची आहे. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून पाठवू नका म्हणाले."

"मी बोलतो त्यांच्याशी," मी म्हणालो.

मी बोललो नाही. सकाळी नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. मग ती जागा भरली. तिने ब्रश धुऊन, पुसून पेल्यात उभे करून ठेवले आणि त्यांना पुन्हा हात लावला नाही. नंतर आणलेले सैनिक रंगाआधीच्या नुसत्या करड्या प्रायमरमध्ये उभे राहिले. माझा चहा, माझी औषधं सगळं वेळेवर. त्यामुळे जास्तच अवघड झालं.

यंदाच्या मेळाव्यात मी माईक मागून घेतला आणि सांगितलं, की ते सगळे रंग माझ्या सुनेचे आहेत. मागच्या वेळेपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. लोक पाया पडायला लागले. स्टुडिओचे मालक तिथेच होते. त्यांनी माझा हात हातात घेतला. "काका, केवढं मोठं मन. सुनेला असं श्रेय देणारे सासरे कुठे मिळतात आता?" मी म्हणत होतो, अहो, तसं नाही, खरंच तिचेच आहेत. ते मान हलवून हसत होते.

घरी येऊन मी हे सुनेला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे आता मी चोर आहे आणि तुमची लाडकी सूनही आहे." मग वर न बघता म्हणाली, "त्यांना तुमचा हात दाखवा ना."

दुसऱ्या दिवशी मी मुलाला मोबाईल धरायला सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. "कशाला स्वतःचं हसं करून घेता?" मी म्हणालो, "तू धर." एक करडा सैनिक घेतला, ब्रश रंगात बुडवला आणि डोळा काढायला गेलो. ब्रश भुवईपासून हनुवटीपर्यंत गेला. पुसून पुन्हा केलं, पुन्हा तेच. ते चित्रीकरण न कापता मेळाव्याच्या मंडळींना आणि स्टुडिओला पाठवून दिलं. आता कोणी मोठ्या मनाबद्दल बोललं नाही. स्टुडिओच्या मालकांनी सुनेला फोन करून माफी मागितली आणि नमुन्याचा एक सैनिक रंगवून पाठवायला सांगितलं.

पानावर आता रंगकामाच्या पुढे तिचं नाव आहे. पण त्याखाली एक ओळ जोडली आहे : सासऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली. सुनेने ती वाचली. नमुन्याचा सैनिक स्टुडिओकडून कुरियरने आला आहे, तो खोका तिने उघडलेला नाही. "आधी ती ओळ काढायला सांगा," म्हणाली. मी मेळाव्याच्या त्या संयोजक तरुणाला फोन केला. तो म्हणाला, "असू द्या ना काका, चांगलं दिसतं."

म्हणून हे लिहून त्या मंडळींना आणि स्टुडिओला पाठवतो आहे. चेहऱ्यांचा रंग कसा असावा हे तिने ठरवलं. पातळ थरांची रीत तिची. तो म्हातारा मुकादम तिने पाहिलेला आहे, मी नाही. मी तिला काहीही शिकवलेलं नाही. ती रंगवत असताना मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून सुटे हात घासत होतो. ती ओळ काढावी.