आधी म्हशीची बातमी

अंजूरच्या हिराकाकी मुलाला बातम्या सांगायच्या त्या आधी म्हशीच्या, मग शेताच्या आणि सगळ्यात शेवटी माणसांच्या. मुलगा गणेश सैन्यात, सीमेवर. संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन काकी माझ्या मोबाइलमध्ये बोलायच्या आणि तो आवाज मी त्याला पाठवायची. गणेश लांब आहे म्हणून त्या इतक्या ओरडायच्या, की शेजारच्या गोदामाचा वॉचमन भिंतीवरून डोकवायचा.

"आधी म्हैस का हो काकी?" मी एकदा विचारलं.

"मानसाला तोंड हाय गो, ती कवा पन बोलतील. ती बिचारी कुनाला सांगल?"

मग सीमेवर लढाई पेटली. इकडे एका संध्याकाळी हवाई हल्ल्याचा सराव म्हणून भोंगा वाजवून दिवे घालवले. झालं! काकींनी राब भाजायचाच नाही असं ठरवलं. भाताचं बी पेरण्याआधी शेण आणि पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब.

"माजा पोर तिकरं अंधारात बसलाय, न् मी हितं जाळ करू? जाळ वरून दिसतो."

राब दिवसाढवळ्या भाजतात आणि अंजूरवर कोणी विमानं पाठवत नाही, हे सगळ्यांनी सांगून पाहिलं. बाई ढिम्म हलली नाही. आणि गणेशला मात्र ओरडून सांगितलं, "राब झ्याक भाजलाय, तू काळजी करू नको!"

गणेशकडून काहीच उत्तर येत नव्हतं. "रेंज नसेल," मी म्हणायची. त्याच दिवसांत काकींच्या छातीत दुखायला लागलं. मी त्यांना भिवंडीला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, आजच दाखल करा. काकी उठून बाहेर आल्या.

"गन्याचा फोन येऊ दे, मग जाऊ."

"मी फोन दवाखान्यात आणून देईन ना!"

"तितला आवाज त्याला ऐकू जाईल. पोरगा घाबरल." वर मला शपथ घातली, त्याला कळवायचं नाही म्हणून. मला त्यांचा तेव्हा भयंकर राग आला होता. अजूनही येतो, आणि मग रडू येतं.

लढाई चालू असतानाच एका दुपारी त्या गोठ्यातच गेल्या. म्हशीपुढे वैरण टाकलेली होती.

लढाई थांबल्यावर गणेशला रजा मिळाली, तोवर सगळे विधी उरकले होते. तो आमच्या ओटीवर येऊन बसला.

"वहिनी, फोन लागायचा," तो म्हणाला. "संध्याकाळी थोडा वेळ रेंज यायची. पण आईचा आवाज ऐकला की मला रडायला यायचं. बाकीच्या पोरांसमोर कसं रडू? म्हटलं, सगळं थांबलं की निवांत बोलू."

मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

"वाट बघायची का ती?"

"छे रे. दिवसभर शेतातच असायच्या," मी म्हणाले.

दवाखान्याचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.