हौसाबाईवर घातलेला आळ

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळही नाही. ती गेली तेव्हा वाटलं, आता सांगायचं तरी कुणाला? म्हणून तुम्हाला सांगतो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नगरच्या एका दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हे माझं काम. हात हलका आहे, असं सगळे म्हणत. मलाही ते खरं वाटू लागलं होतं — तिथूनच बिघडलं की काय?

अकोले तालुक्यातला महादू नावाचा शेतकरी आला. बैलाने पोटात शिंग खुपसलेलं. आमच्या साहेबांनी, म्हणजे सर्जननी, तातडीने ऑपरेशन करून फाटलेलं आतडं शिवलं. पण आतडी इतकी सुजली होती की पोट मिटेना. ओढून शिवलं तर श्वास कोंडेल, म्हणून त्यांनी ते उघडंच ठेवलं. आतड्यांवर सलाइनमध्ये भिजवलेला गॉज, म्हणजे जाळीदार कापड, वर पॅड, भोवती रुंद पट्टा. मला ताकीद एकच — गॉज वाळू द्यायचा नाही. दोन-दोन तासांनी सलाइन घालायचं. वाळून आतड्याला चिकटलाच, तर भिजवून सुटेपर्यंत थांबायचं. ओढायचा नाही.

महादूची बायको हौसाबाई खाटेजवळ बसून असे. त्याच्या तोंडात काही घालायचं नव्हतं आणि तो सारखं पाणी मागे. ओल्या फडक्याने ओठ तेवढे पुसत जा, असं मीच तिला सांगितलं होतं.

"बैलानं सोडलं, आन् ह्ये दादा उपाशी मारत्यात," महादू एकदा म्हणाला.

"गप ऱ्हावा," ती म्हणाली. "बैल तुमच्यापरीस शाना हाय."

आम्ही तिघंही हसलो. तो हसताना पोट धरायचा.

सहावा दिवस. उन्हाळ्यातली दुपार. जेवून मी आडवा झालो — फार काम पडलं होतं, असं म्हणू का? नव्हतं. झोप लागली, एवढंच. उठलो तेव्हा साहेबांची फेरी सुरू झाली होती. गॉज कडक झालेला. दहा मिनिटं — फक्त दहा मिनिटं थांबायला हवं होतं. पण साहेबांना वाळलेला गॉज दिसेल, या भीतीने मी तो ओढला.

महादू कळवळला. आतड्यातून पिवळं-हिरवं पाणी झिरपू लागलं. तेवढ्यात साहेब खाटेशी आले. "हे कशानं झालं?"

आणि मी म्हणालो — किती सहज म्हणालो! — "बाईने पेज पाजली असावी, साहेब."

पेजेमुळे आतले टाके उसवले असंच त्यांनी धरलं. "न्हाई साहेब, म्या फकस्त व्हट भिजीवलं," ती म्हणत राहिली. महादूही मान हलवत होता. पण पाण्यासाठी तळमळणाऱ्या माणसाचं कोण खरं मानणार? ओठ पुसायला मीच सांगितलं होतं, एवढं तरी बोलायचं. तेही बोललो नाही.

नऊ दिवसांनी महादू गेला. व्हरांड्यात सासू तिला म्हणाली, "माजा ल्योक तू खाऊ घालून मारलास." मी चार पावलांवर उभा होतो.

काही वर्षांनी ती राजूरच्या बाजारात दिसली, तांदूळ विकायला बसलेली. मी तोंड फिरवलं. तिनेच हाक मारली.

"दादा, तुमी लई केलं त्यांचं. माजंच चुकलं. फडकं लई वलं झालं आसंल."

तेव्हा तो दवाखाना मी सोडला होता. घाबरावं असं काहीच नव्हतं. गॉज मी ओढला, हौसाबाई. तुम्ही काही पाजलं नव्हतं — एवढंच म्हणायचं होतं. मी नुसतं "हं" म्हणालो.

तिने माझ्या पिशवीत दोन मापटी तांदूळ ओतले. पैसे घेईना. घरी त्याचा भात झाला. वास किती छान येतोय, बायको म्हणाली. मी पोटभर जेवलो.