विहीणबाईंचे सहा गिलास

आमच्या विहीणबाईंच्या घरात नाव नसलेलं भांडं आजवर कोणी बघितलेलं नाही. उदगीरच्या त्या स्वयंपाकघरात तांब्या, पराती, डबे तर सोडाच, चहाच्या गाळणीच्या दांडीवरसुद्धा त्यांचं नाव घातलेलं आहे. दुसऱ्याच्या घरी पंगतीला बसल्या तरी वाटी गोल फिरवून नाव वाचल्याशिवाय त्या वरणात बोट घालत नाहीत. निलंग्याला त्यांच्या मावसबहिणीकडे बारशाला गेलो होतो, तिथे भर पंगतीत त्यांनी अशीच वाटी फिरवली आणि मला म्हणाल्या, "ईनबाई, ही माझी हाय. आपल्या लेकरांच्या लग्नात गेली होती." वरण ताटात ओतलं, वाटी धुतली आणि पिशवीत टाकली. मावसबहीण बघत राहिली. मला हसू आवरेना. तेव्हापासून आमचं जमलं.

भेट देण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. आधी येऊन पाणी पिण्याच्या निमित्ताने त्या स्वयंपाकघर बघून जातात, काय नाही ते हेरतात आणि तेच आणतात. जुन्या किसणीने कापलेल्या माझ्या अंगठ्याला एकदा चिंधी दिसली, तर आठ दिवसांत नवी किसणी घेऊन लातूरला हजर. वस्तू कामाची असते, यात वाद नाही. पण तिच्यावर घेणाऱ्याचं नाव बारीक आणि देणाऱ्याचं ठळक, हा त्यांचा नियम. किसणीवर जागा पुरली नाही म्हणून "यांच्याकडून सप्रेम" मागच्या बाजूला घातलं. अजून गाजर किसताना त्यांचं नाव माझ्या तळहाताला टोचतं.

मी मुलीच्या घरी कमीच जाते. माझी आई तर लेकीच्या सासरचं पाणीही पीत नव्हती. मी पिते, पण गिलास तोंडाला न लावता, वरून. मुक्काम करत नाही. विहीणबाईंना याचा राग. "ईनबाईचा एक पाय आमच्या उंबऱ्यात आन् एक एस.टी.त," असं त्या चारचौघांत म्हणतात.

तर आमची दोघींची नात, गौरी, वर्षभरासाठी जर्मनीला शिकायला निघाली. राहायचं एका कुटुंबात. नवरा, बायको, दोन लेकरं. त्यांना काय न्यायचं यावर घरात पंधरा दिवस चर्चा झाली. माझी मुलगी म्हणाली, गणपतीची मूर्ती नेऊ. विहीणबाई म्हणाल्या, "कशाला? त्यांना पूजा येत न्हाई. देवाचे हाल." जावई म्हणाले, शाल. "तिथं थंडी हाय, त्यांच्याकडं आपल्याहून बऱ्या असतील." शेवटी त्यांनी हुकूम सोडला, "गौरे, त्या बाईला फोन लाव. तिचं स्वैपाकघर बघू दे."

पोरगी लाजेने अर्धी झाली. पण ती जर्मन बाई भली निघाली. मोबाईल हातात घेऊन तिने ओटा, फडताळ, भाकरी भाजायची भट्टी, सगळं फिरवून दाखवलं. विहीणबाई चष्मा पुसून पुसून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "थांब म्हणावं. मागं घे." भिंतीवर चार खुंट्या होत्या आणि त्यांना चार रंगांचे चार कप टांगलेले. ज्याचा त्याचा कप.

फोन ठेवल्यावर त्या बोटं मोजायला लागल्या. मी विचारलं, "काय झालं?"

"चार खुंट्या हायत, ईनबाई. आपल्या पोरीनं सालभर पाहुण्याच्या कपात पाणी प्यायचं का?"

मी म्हणाले, "पाणी कशातूनही पिलं तरी तहान भागते."

दुसऱ्या दिवशी त्या लातूरला आल्या आणि मला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. स्टीलचे गिलास निवडले. नाव घालणाऱ्याला गौरीने लिहून दिलेली चिठ्ठी दिली: हान्ना, मार्टिन, योनास, लीना. पाचवं नाव गौरी. मशीन टरटर चाललं. शेवटी त्याने सवयीने विचारलं, "कडून कुणाच्या घालू, मावशी?"

"कडून नको."

मला वाटलं मलाच नीट ऐकू आलं नाही. "अहो, किसणीवर मागं घातलंत, आन् ह्याच्यावर नको?"

"कडून घातलं की ते परक्याचं होतंय. पाच माणसं, पाच गिलास. बास."

गौरी गेली. दोन महिन्यांनी मी उदगीरला असताना तिचा फोन आला. विहीणबाईंनी खुशाली नंतर विचारली, आधी गिलास. गौरी हसायला लागली. "आजी, त्यांना आपली अक्षरं कुठं येतात? योनास माझ्यातून दूध पितो, मी मार्टिनच्या. ज्याच्या हाताला जो लागेल तो."

मला धास्ती वाटली. वाटीसाठी भर पंगतीत उठणारी बाई ही. पाच गिलासांवर सुवाच्य मराठीत नावं घालताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. विहीणबाईंनी मोबाईल आणखी जवळ घेतला. मग म्हणाल्या, "कुणाचा कुठला बघत न्हाईत?"

"नाही."

"मग झालं. घरातच गेली पोरगी." आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या. चष्मा चांगला स्वच्छ होता.

मी एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठले. त्यांनी पाणी आणून दिलं. गिलास नवा वाटला, म्हणून त्यांच्यासारखाच गोल फिरवला. त्यावर माझं नाव होतं. नुसतं माझं. कडून नव्हतं.

"सहाचा संच येतो," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या. "एक उरला होता."

मी बसून, तोंड लावून पाणी पिलं. तीनची गाडी गेली. पाचची होती.