पाहुण्यांसमोरचा वेग

आई जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कवडी वेचते. कापूस मशिनवर जाण्याआधी त्यातला किडलेला, डागाळलेला भाग हातानं काढायचा. शेजारची, आईपेक्षा वयानं बरीच मोठी मावशी तिच्या बाजूलाच बसायची. दोघी सोबत जायच्या, सोबत यायच्या आणि दारात एकमेकींच्या पाठीवरचा कापूस झटकून मगच आपापल्या घरात शिरायच्या.

गेल्या हंगामात तिथं बाहेरदेशचे पाहुणे आले. कुठल्या देशात, कुठल्या धंद्यात कामगार तासाभरात किती काम करतो आणि त्याला मजुरी काय मिळते, याची ते तुलना करत होते. कापडगिरण्या, चामड्याचे कारखाने बघून झाले होते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून मालकांनी मला दुभाषी म्हणून बोलावलं. चारचौघांत मला बोलता येत नाही. दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं असलं तर जमतं.

आदल्या संध्याकाळी मी घरी हे सांगितलं तेव्हा मावशी आलेली होती.

"म्हंजे आमाला दुसऱ्या मुलखातल्या बायांसंगं लावून बघणार?" ती म्हणाली. "मंग आळशी दिसून चालायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाहुणे घड्याळ घेऊन उभे राहिले आणि बायांचे हात भराभर चालू लागले. कुणी पाणी प्यायलाही उठेना. मावशी सगळ्यांच्या पुढे.

"हळू की गं, पंगत उठायलीय का?" आई हसून म्हणाली.

"तू गप. पाहुणे जाऊ दे, मंग बसू निवांत."

रोज असंच काम चालतं का, असं पाहुण्यांनी विचारलं. मावशीनं मालकांकडे बघितलं. "रोजचंच हाय," ती म्हणाली. मी तेच सांगितलं. फाटकापाशी मात्र पाहुण्यांना हळूच म्हटलं, आज हात जरा जास्तच चालले. त्यांनी ते लिहूनही घेतलं. मालक मागे आतच थांबले होते, बायांकडे बघत.

हंगामाआधी मुकादम दारोदार जाऊन बायांना बोलावतो. यंदा तो आमच्या दारात थांबला. "अक्का, सोमवारपासून या."

मावशी तिच्या दारात उभी होती. तोंडाला बांधायचं फडकं तिनं धुऊन ठेवलं होतं.

"अन् मी?"

"मालक म्हणतेत, निम्म्या बायांत भागतंय. त्यांनी डोळ्यानं बघितलंय. वयस्कर बायांना यंदा बोलावू नको म्हणले."

"मी तर समद्यांच्या पुढं होते की रं."

"व्हय, मावशी," तो म्हणाला आणि पुढच्या गल्लीत गेला.

आता आई रोज त्याच वेगानं वेचते. सोमवारी ती परतली तेव्हा मावशी सवयीनं बाहेर आली आणि तिची पाठ झटकू लागली. झटकून झाल्यावर आईनंही हात उचलला. मावशीच्या पाठीवर काहीच नव्हतं. हात तिथंच राहिला.

मंगळवारपासून आई मागच्या दारानं घरात येते.