बाबांवरचा संशय

बाबांनी विडी सोडली तेव्हा मी शाळेत होते. तरी मागच्या थंडीत माझी खात्री पटली, की ते पुन्हा चोरून ओढतायत. खोकला हटत नव्हता, आवाज बसलेला, आणि संध्याकाळचा चहा झाला की ते काजूच्या बागेत नाहीसे व्हायचे. आई म्हणायची, "रान काढतत." पण कोयता पडवीतच पडलेला असायचा.

मी त्यांचे सदरे हुंगू लागले. धुराचा वास येत नसे, तर मी ठरवलं, की ओढताना सदरा काढून ठेवत असणार. एकदा सरळ मागोमाग गेले. ते पंपाच्या हौदापाशी वाकून बसले होते.

"बाबानू, हातात काय आसा?"

त्यांनी मूठ मिटली. "काय नाय गो. रुमाल."

मी तो ओढून घेतला. ओल्या कापडावर रक्ताचे धागे होते.

"आवशीक सांगा नको," ते म्हणाले.

आईला त्याच रात्री सांगितलं. तालुक्याच्या डॉक्टरांना आधी टीबी वाटला, पण थुंकीत काही निघालं नाही. एक्स-रेत मात्र डाग दिसला. त्यांनी गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. 

तिथे स्कॅन झालं, घशातून दुर्बीण घालून तपासायला तुकडा काढला. डॉक्टरीणबाईंनी विडीचं विचारलं. बाबांनी खरं ते सांगितलं, की वर्षांपूर्वीच सोडली, तरी मी त्यांचा चेहरा निरखत होते. "सोडल्याने धोका कमी होतो," त्या म्हणाल्या, "पण पूर्ण जात नाही."

मग बाबांनाच आमचा संशय येऊ लागला. मी आणि आई बाहेर कुजबुजलो की ते उठून यायचे. शेवटी त्यांनी बाईंना शुद्ध मराठीत विचारलं, "मला काय झालंय ते मलाच सांगा. ह्या दोघी लपवतायत."

त्या खुर्ची ओढून बसल्या. "फुप्फुसाचा कॅन्सर आहे. पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन करता येईल."

"बरा," बाबा एवढंच म्हणाले.

उजव्या फुप्फुसाचा एक भाग काढला. केमोत केस गेले, पेजेशिवाय काही पोटात ठरेना. आता चढावर दम लागतो, पण हिंडतात. तपासणीनंतर बाई "सगळं ठीक" म्हणाल्या, की बाहेर येऊन ते मला विचारतात, "खरा सांगतत मा?"

मी हो म्हणते. ते आईलाही विचारतात.