आत्याचे धवले आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प

"ट्यूबचा अ‍ॅम्प घेतोय," असं मी घरात जाहीर केलं तेव्हा बाबा ओटीवर बसून पान लावत होते. चुन्याचं बोट तसंच धरून त्यांनी विचारलं, "ट्यूब? आन् पंक्चर झाली तं?"

"सायकलची नाय ओ बाबा," बायको आतून म्हणाली. "भिंतीवरची. एक हाय घरात, तीच पेटायला रडते. आता ह्यांना दुसरी पायजे."

गिटारीवरून कोणी चेष्टा केली की माझ्या नाकाला लगेच मिरच्या झोंबतात. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, त्यांनाच काही लोक ट्यूब म्हणतात, आणि त्यांच्यावर चालणारा अ‍ॅम्प म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारं यंत्र, हे सगळं मी मास्तरासारखं समजावून सांगितलं. बाबांनी पान तोंडात टाकलं. "मंग तसा सांग ना. जुना रेडिओ आनतो म्हन." विषय संपला.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. आमचं गाव शहापूरहून सापगावच्या बाजूला, आणि माझी नोकरी मुरबाडच्या एमआयडीसीत. गिटार मात्र नव्वदच्या दशकातली, कल्याणला कॉलेजात असताना घेतलेली. गावात तिला कोणी गिटार म्हणत नसे. आमच्याकडे हळदीला बेंजो पार्टी लागते. बटणं दाबून वाजवायचा बेंजो, सोबत ढोल-ताशे, आणि मांडवाच्या खांबाखांबावर स्पीकर. त्यामुळे तारा असलेलं आणि वायर जोडता येणारं काहीही म्हणजे बेंजोच. "तुमचा बेंजो कवा ऐकवताय?" असं कोणी विचारलं की मी तोंड फिरवायचो.

अ‍ॅम्प मी उल्हासनगरच्या एका कारागिराकडून बनवून घेतला. तो जुन्या घडणीचे छोटे अ‍ॅम्प ऑर्डरप्रमाणे बनवायचा आणि "एकदम लंडन का आवाज" अशी हमी द्यायचा. लंडन आम्ही दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. पण त्याने दुकानात एक तार छेडून दाखवली आणि मी तिथंच विरघळलो. आवाज मोठा नव्हता, भरलेला होता. तार हळू छेडली तर मऊ निघायचा, जोरात छेडली तर जरा खरखरायचा, माणसाचा गळा भरून येतो तसा. पेटी लाकडाची, तांदळाच्या डब्याएवढी. तिच्यावर हिरवं रेक्झिन, एसटीच्या सीटला असतं तेच. मागची बाजू उघडी, आत काचेचे व्हॉल्व्ह आणि एकच स्पीकर. पुढे वायर खुपसायला दोन भोकं. घरी पोचेपर्यंत मी ती पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. सगळे जमून बघत होते.

"बोलत नाय वाटतं," बायको म्हणाली.

"आधी गरम व्हावं लागतं त्याला."

"तुमाला तं एवढा टाइम नाय लागत."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात आतली तार लाल झाली, मग केशरी, आणि स्पीकरमधून बारीक गुणगुण यायला लागली.

त्या अ‍ॅम्पचे नखरे मला लवकरच कळले. भारनियमनात तो मुका, हे तर ठरलेलंच. पण लाइट असली तरी गावातली पिठाची गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, व्हॉल्व्ह मंद व्हायचे आणि आवाज तापात बोलल्यासारखा यायचा. म्हणून मी रविवारी दुपारी वाजवायचो. तेव्हा गिरणी बंद असायची आणि गावही जरा पडलेलं असायचं.

आता आत्याविषयी सांगायला हवं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पलीकडच्या घरात राहायची. ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी येतो तो नंतर. त्याआधी धवलारीण गाते, तिच्या गाण्यांना धवले म्हणतात. ती गाऊन देवांना मांडवात बोलावते. देव आले की घरची माणसं. एकेकाचं नाव घेऊन ती हाक मारते आणि ज्याचं नाव आलं तो असेल तिथून "आलो गो" म्हणून ओ देतो. गेलेल्या माणसांनाही बोलावणं असतं. त्यांच्या वतीने घरातलं कोणीतरी ओ देतं. ओ दिली तरच ते माणूस लग्नाला आलं, असं आमच्यात धरतात.

आत्याचा आवाज असा होता की मांडवात धवला सुरू झाला की विहिरीवरच्या बाया घागर ठेवून ऐकायच्या. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज बसला. सूर जागच्या जागी होता, पण दोन हातांपलीकडे पोचायचा नाही. तिच्या मागे ओळ झेलणारी जोडीदारीणही त्याच सुमारास वारली. तरी लोक तिला मानाने बोलवायचे. ती गायला बसायची आणि तिचं व्हायच्या आतच बेंजो सुरू व्हायचा. वाजवणाऱ्यांचा दोष नव्हता, ती गातेय हे त्यांना ऐकूच यायचं नाही. एका लग्नातून ती अर्ध्यातून उठून आली आणि त्यानंतर कुठे गेली नाही.

आणि माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं.

आई जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. बहीण शाळेत असतानाच ती गेली. बहिणीने लग्नासाठी ना अमुक साडी मागितली, ना तमुक दागिना. ती एवढंच म्हणाली, "आत्या गायली नाय, तं आईला बोलावनार कोन?" बाबा तिथंच होते. आईचं नाव त्यांनी कधीच घेतलं नव्हतं, त्या पिढीतले पुरुष घेत नसत. पण ती गेल्यापासून "तुमची आई" हे शब्दही त्यांच्या तोंडी येईनासे झाले होते. कोणी तिची आठवण काढली की ते उठून गुरांकडे जायचे. तेव्हाही गेले.

आत्या माझ्या बहिणीला म्हणाली, "दुसरी बघा गो कोनी. माजा आवाज नाय लागत." दुसरी होती, पण तिला आमच्या घरातली नावं काय माहीत? बेंजो पार्टीचा म्होरक्या भला माणूस. त्याने आपला माइक देऊ केला, आपण होऊन ओटीवर आणून लावला. आत्याने एक ओळ म्हटली आणि तिचा आवाज स्पीकरमधून असा किंचाळत बाहेर आला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. आत्या माइककडे बघत राहिली. "ही कोन बाई? ही मी नाय," म्हणाली आणि घरी निघून गेली. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच त्या म्होरक्यावर खेकसलो.

पुढच्या रविवारी ती लोणच्याच्या कैऱ्या चिरायला आमच्या ओटीवर आली होती. मी अ‍ॅम्प लावून एकच जाड तार छेडत बसलो होतो, सूर लावत. विळीवर कैरी चिरता चिरता आत्या गुणगुणायला लागली. तिचा सूर माझ्या तारेपेक्षा खाली होता. मी खुंटी पिळून तार ढिली करत नेली, तिच्या सुराला लागेपर्यंत. लागली तशी मी दचकून थांबलो.

"थांबलास कशाला?" ती विळीवरून न उठता म्हणाली. "धर ना मागं."

जोडीदारीण जिथं ओळ झेलायची, तिथं मी तार धरली. ती गात गेली. बायकोने म्होरक्याचा आमच्याकडेच राहिलेला माइक आतून गुपचूप आणला, मी तो अ‍ॅम्पच्या दुसऱ्या भोकात खुपसला आणि आवाज अगदी बारीक ठेवला. आत्याचा आवाज पेटीतून आला, तिचाच, किंचित जाड झालेला. तिने मान वळवली. विळी आडवी केली, उठली, आणि पेटीच्या मागे जाऊन वाकून पाहिलं.

"ह्याच्यात दिवा हाय रे!"

तो दिवा नव्हे, ती तापलेली तार असते, असं सांगायला मी तोंड उघडलं. बायकोने डोळे वटारले. मी गप्प बसलो, जे मला सहसा जमत नाही.

धवल्याला आधी दिवा लावावा लागतो. दिवा नाही तर देव नाही, हे आत्याचं शास्त्र. बेंजोवाल्यांच्या मशीनला दिवा नव्हता, ह्याला होता. "आन् ह्यो बाजूला बसून बोलतो," ती म्हणाली. "खांबावर चढून नाय बोंबलत." पदराला हात पुसून तिने रेक्झिनवर हळद-कुंकू लावलं. संध्याकाळी मी बटण बंद करताना "विझवतो" म्हणालो तर तिने फटकारलं, "दिवा इझवत नाय, शांत करतात." तेव्हाच आम्हाला कळलं की ती गाणार.

हळदीच्या दुपारी मांडवात देव मांडले. तांदळाचा चौक, तेलाचा दिवा, शेजारी स्टुलावर माझा अ‍ॅम्प. बायकांच्या घोळक्यात मी एकटा पुरुष, मांडीवर गिटार घेतलेला. "आता लुगडं नेस," एक मावशी म्हणाली, आणि पाटावर बसलेली बहीण हळदीच्या हातांनी तोंड झाकून हसली. बाबा पार मांडवाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला उभे होते, आलेल्या माणसांना रामराम करत. बायकांच्या कामात ते येत नसत, आणि आज तर मुद्दामच लांब राहिले होते हे मला दिसत होतं.

मी बटण दाबलं. लग्नसराईमुळे गिरणी जोरात होती. वर मांडवातले पंखे, बेंजोची मशीन. व्हॉल्व्ह नुसते तांबूस झाले आणि तिथंच अडले.

आत्या मागे वाकून बघून आली. "दिवा लागला नाय."

तेवढ्यावर आवाज निघाला असता, बरा-वाईट. पण तिला ते पटवता येणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला पटवायचंही नव्हतं. हळद घेऊन आलेली वरपक्षाची माणसं घड्याळ बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, बेंजो लावा, उशीर होतोय. बहिणीचा चेहरा उतरला. माझं टाळकं सटकलं आणि मी उठून ओरडणार, तेवढ्यात बेंजोचा म्होरक्या पुढे आला. ज्याच्यावर मी खेकसलो होतो तोच.

"दिवा लागायचाय आत्याचा," त्याने मांडवाला सांगितलं, आणि आपल्या मशीनचा प्लग काढला. मग पंख्यांचे. वैशाखाची दुपार, वर पत्रे. माणसं घामाने निथळत होती, तरी कोणी पंखा लावा म्हणालं नाही. शेजारणींनी आपापल्या घरात जाऊन फ्रिज बंद केले. त्याच्या पार्टीतला एक ढोलवाला सायकल घेऊन गिरणीवर गेला. थोड्या वेळाने लांबून येणारी गिरणीची घरघर बसत बसत थांबली. दळण तसंच अर्धवट ठेवून गिरणीवाला स्वतः मांडवात आला, भुवयांवर पीठ घेऊन.

व्हॉल्व्ह केशरी झाले.

"लागला," आत्या म्हणाली आणि माइकसमोर बसली.

तिने देव बोलावले. पंखे नाहीत, मशीन नाही, गिरणी नाही. तिचा बसलेला आवाज त्या पेटीतून निघून सगळ्या मांडवात फिरत होता, आणि तिला जोर लावावा लागत नव्हता. मी मागून तार धरत होतो. माझी बोटं घामाने सरकत होती. देव झाले, मग काका, काकी, मामा. ज्याचं त्याचं नाव येत गेलं, ज्याने त्याने ओ दिली, लहान पोरांनी तर दोन-दोनदा दिली.

मग तिने आईचं नाव घेतलं. "ये गो, लेकीच्या मांडवाला ये."

ओ कोणी द्यायची हे आम्ही ठरवलंच नव्हतं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात घामाचं बोट तारेवरून सरकलं आणि मी ती सावरायला वाकलो. आत्याने पुन्हा नाव घेतलं, तितक्याच हळू.

"आली," रस्त्याच्या कडेवरून बाबा म्हणाले. मग टोपी काढून हातात धरली आणि मोठ्याने म्हणाले, "आली गो. तुमची आई आली."

पुढचं नाव घ्यायला आत्याला जरा वेळ लागला. तेवढा वेळ मी ती एकच तार वाजवत राहिलो.